तळहातावरचा घास

४ मार्च

ताई,

नमस्कार. वाकून केलाय, कारण गेले तीन दिवस मी वाकलेलाच आहे. शाईची खोली दिवसातून सहा वेळा धुतोय.

फोन का केला नाहीस म्हणून चिडू नकोस. तूच म्हणतेस ना, की फोनवर भुंग्या 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होतो आणि लिहायला बसला की खरं बोलतो. तर खरं ऐक. शाईला पुन्हा लागलंय. जानेवारीत झालं होतं तसंच, पण जास्त. परवा सकाळी कामाला निघालो तर ती उठेचना. ताप, उलट्या आणि मागून नुसतं पाणी. त्यात शेंबडासारखं काहीतरी आणि रक्त. हिरड्या पांढऱ्याफटक. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. आमच्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून सलाईन लावलंय. मला आत घेत नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारतो. वॉचमन म्हणाला, भाऊ, फरशी झिजेल.

तू शाईला फक्त फोटोत पाहिलंयस, म्हणून सांगतो. काळी कुळकुळीत लॅब्राडोर, सहा वर्षांची. मालधक्क्यावर रोज चार-पाचशे खोकी हुंगते. एखाद्यात स्फोटकं असली तर त्याच्यापुढे गपकन खाली बसते, भुंकत नाही. आजवर तीनदा अशी बसलीय आणि तिन्ही वेळा बरोबर निघाली. आठ आठवड्यांची असल्यापासून माझ्याकडे आहे. आणि खाते ती फक्त माझ्या हातचं. हे लाड नाहीत हं, हा आमच्या कामाचा नियम आहे. कुणी विष घालू नये म्हणून पथकातल्या प्रत्येक कुत्र्याला आपापल्या माणसाच्या उघड्या तळहातावरूनच, 'घे' म्हटल्यावरच खायला शिकवतात. दुसऱ्या कुणी मटणाचा तुकडा नाकाशी धरला तरी शाई तोंड फिरवते. दवाखान्यात तीन दिवस ती सलाईनवरच आहे, कंपाउंडरच्या हातचं शिवत नाही. त्याला वाईट वाटतं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

आता मुद्दा. आमच्याकडे सहा महिन्यांत तीनदा आजारी पडलं की कुत्र्याचं नाव पथकातून कमी होतं. म्हातारपणामुळे कमी झालेलं कुत्रं कुणीतरी घरी नेतं. पण पोटाच्या संसर्गाने कमी झालेलं कुत्रं कुणाला देत नाहीत. त्याला कायमची झोपवायची सुई देतात. शाईचं दोनदा झालंय. साहेब चांगले आहेत, पण नियमाबाहेर जाणारे नाहीत.

डॉक्टर म्हणतात, काहीतरी खाण्यात आलं असेल. अगं, काहीतरी म्हणजे काय? तू प्रयोगशाळेत जन्म काढलास. सोबत तिचा नमुना पाठवतोय. बाटली घरातलीच आहे, स्वच्छ धुतलीय. यात काय आहे तेवढं सांग.

माझी काळजी करू नकोस. डिसेंबरात आमच्या आचाऱ्याच्या निरोपाला कच्च्या अंड्यांचं पुडिंग खाल्लं, तेव्हापासून माझंही पोट अधूनमधून रुसतं. कंपाउंडर म्हणतो, तुम्ही दोघं एकाच पोटाचे.

भुंग्या


११ मार्च

भुंग्या,

तुझी जॅमची बाटली पोचली. झाकणाच्या आत जॅम तसाच होता. एकतीस वर्षं मी गाई-म्हशी, कोंबड्या आणि घोडे यांच्या विष्ठेवर पोट भरतेय, पण स्ट्रॉबेरीचा वास येणारा नमुना पहिलाच. सोबत निर्जंतुक डब्या पाठवल्यात. यापुढे त्याच वापर. डबीवर तारीख, वेळ आणि कुत्र्याचं नाव लिही. 'शाईचं' एवढंच लिहिलंस तर इथली मंडळी पेनात भरतील.

तरी नमुना कामी आला. लाल जेलीच्या प्लेटवर दुसऱ्याच दिवशी काळ्या मध्याचे ठिपके उगवले. मी बघता क्षणी ओळखलं, पण पुढच्या सगळ्या चाचण्या नेमाने लावल्या, म्हणून उत्तराला उशीर झाला. साल्मोनेला आहे. आतड्यात घुसून बसणारा जंतू. धडधाकट मोठं कुत्रं बहुतेक वेळा तो पचवून टाकतं, कुणाला कळतही नाही. तुझी शाई दोनदा आडवी झाली, याचा अर्थ तो तिच्या पोटात भरपूर जातोय किंवा पुन्हापुन्हा जातोय. आणि जातो तो तोंडावाटेच. कुठूनतरी तिच्या तोंडात येतोय, हे 'कुठून' शोधायचं आहे.

तर आता येरझाऱ्या घालणं थांबव आणि कामाला लाग. कच्च्या मटणाचा तुकडा, तिच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी, खोलीच्या फरशीवरून आणि ताटलीवरून फिरवलेला कापूस, शेजारच्या तीन कुत्र्यांचे नमुने, हे सगळं बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यातून पाठव. शाई बरी झाली की औषध बंद करून दहा दिवसांनी तिचा एक नमुना घे, आणि आठवड्याने दुसरा. ते दोन्ही स्वच्छ निघाले तर जुना जंतू तिच्या पोटातून गेला असं धरायचं. नंतर पुन्हा झालं तर तो बाहेरून आला.

आणि हात धुत जा. हा जंतू माणसालाही होतो.

आमच्याकडे खाजगी नमुने घ्यायला बंदी आहे. मी तुझे सगळे सरावाचे नमुने म्हणून नोंदवते. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, तेवढे मला खुर्चीवर बसून काढू दे.

पोट रुसतं तर पुडिंग कमी खा.

ताई


३१ मार्च

ताई,

सगळं पाठवलंय. डब्या तू सांगितल्यास तशाच भरल्या. आमच्या मटणवाल्याला कळलं की त्याचं मटण तपासायला गेलंय, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या तीन कुत्र्यांच्या हँडलरांना मी हातापाया पडून तयार केलं. एकजण म्हणाला, आमच्या चित्त्याचं काही वाईट निघालं तर आम्हाला सांगू नकोस.

शाई आठ तारखेला घरी आली. घरी म्हणजे तिच्या खोलीत, पण माझं क्वार्टर कुंपणाला लागून आहे, तेव्हा एकच. पहिला घास दिला तेव्हा तळहात एवढा चाटला की कातडी निघते की काय असं वाटलं. आता वजन भरून आलंय, कामावरही जाते. मीच ठिकाणावर नाही. सकाळी उठल्याबरोबर आधी तिच्या खोलीत जाऊन खाली बघतो. नीट दिसलं की मग चहा. दुपारी कामात असताना ती जरा बसली तरी मी धावतो. ती खोक्यापुढे बसलीय की पोट धरून बसलीय, तेच कळत नाही. परवा अशीच बसली आणि मी खोकं सोडून तिच्या हिरड्या बघत बसलो. खोक्यात काही नव्हतं, पण असतं तर? साहेबांनी बघितलं. लगेच वहीत नोंद केली.

मी फरशी उकळत्या पाण्याने धुतो. टाकी दोनदा रिकामी केली. ताटली विस्तवावर धरतो. उंदीर येतील म्हणून जाळी बसवली. आणखी काय करू सांग. रिकामं बसवत नाही.

हात धुत जा म्हणतेस. धुतो की, दिवसातून वीसदा. साबण मात्र नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हुंगणाऱ्या कुत्र्याच्या माणसाने साबण, तेल, पावडर काही लावायचं नाही, त्याच्या नाकाशी वास गेला की त्या दिवसाचं काम बोंबललं. वीस वर्षं मी ते पाळलंय. आंघोळही नुसत्या पाण्याने. लग्न का झालं नाही विचारतेस ना, हे एक कारण धर.

भुंग्या


६ एप्रिल

भुंग्या,

मटण स्वच्छ. म्हणजे त्यात दुसरे चार जंतू आहेत, पण आपला नाही. पाणी, फरशी, ताटली स्वच्छ. चित्त्यासकट तिन्ही शेजारी स्वच्छ, हे त्या माणसाला सांग म्हणजे त्याला झोप लागेल. शाईचे दोन्ही नमुने स्वच्छ.

तू खूश झाला असशील. मी झाले नाही. काल दिवसभर माझं डोकं यातच होतं. आमचे प्रमुख काहीतरी विचारत होते आणि मी मान हलवत होते. अकरा कुत्री आहेत तुमच्याकडे. एकच मटण, एकच टाकी, एकाच फडक्याने पुसलेली फरशी. दहा ठणठणीत आणि आजारी पडते ती एकटी शाई. दवाखान्यात राहते तेव्हा सुधारते. तुझ्याकडे परत आली की काही आठवड्यांनी पुन्हा. मटण सगळ्यांचं सारखं, फक्त ते तोंडापर्यंत नेणारा हात प्रत्येकाचा वेगळा.

मग तुझं पहिलं पत्र काढलं. त्यात शेवटी पुडिंग आहे. कच्ची अंडी, डिसेंबर, आणि तेव्हापासून रुसणारं पोट. मी तेव्हा हसून सोडून दिलं, उलट चेष्टा केली. एकतीस वर्षं हेच काम करते आणि भावाचं पोट मला दिसलं नाही. आणि आता हा साबण. म्हणजे साबण नसणं.

भुंग्या, एक डबी तुझ्यासाठी पाठवलीय. तुझा नमुना दे. आणि डिसेंबरात नक्की काय काय झालं ते सरळ लिही.

ताई


१० एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून डोक्याला हात लावला. तुला कुत्र्यात काही सापडलं नाही म्हणून माणसाच्या मागे लागलीस. मी ठणठणीत आहे. चार महिन्यांत एकही रजा नाही. डिसेंबरात चार दिवस जरा ताप होता, जुलाब होते, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, तीन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या फेकल्या. सगळं जग असंच करतं.

आणि माझ्यामुळे शाई आजारी पडते असं तुला म्हणायचं असेल तर जरा विचार करून लिहीत जा. त्या कुत्रीसाठी मी काय केलं नाही? तिला परवोचा जीवघेणा आजार झाला होता तेव्हा सतरा दिवस मी तिच्या खोलीत राहिलो होतो. आईच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही, तू अजून बोलून दाखवतेस. 

डबी भरून पाठवतोय, तुझ्या समाधानासाठी. त्यात काही निघणार नाही. निघालं नाही की मला माफी मागणारं पत्र लिही, शुद्ध अक्षरात.

भुंग्या


१७ एप्रिल

भुंग्या,

निघालं.

मी तीनदा लावून बघितलं. तीच जात. शाईचा जंतू ज्या चार औषधांना दाद देत नव्हता, त्याच चार औषधांना तुझाही देत नाही. दोन प्लेटा शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची ते मला सांगता येणार नाही. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू मेला नाही, तुझा ताप तेवढा गेला, आणि तो आत ठाण मांडून बसला. तुला फारसं काही होत नाही, पण तू तो रोज बाहेर टाकतोस. मग नुसत्या पाण्याने हात धुतोस. मग त्या हातावर मटण कालवून तिच्या तोंडाशी धरतोस.

यात तुझा दोष नाही, हे मला आधी लिहायला हवं होतं. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता सांगितलंय.

आजपासून तिला हाताने भरवू नकोस. तिच्या खोलीत जाऊ नकोस. माणसांच्या डॉक्टरकडे जा, माझी चिठ्ठी सोबत आहे. आणि साहेबांना सांग. जंतू कुत्रीत नाही, बाहेरून येतोय आणि कुठून ते सापडलंय, हे कळलं तर ते तिचं नाव कमी करणार नाहीत. हे तूच सांगायला हवंस.

बिनवासाचा साबणही मिळतो, वडी पाठवतेय. तो तुझ्यासाठी आहे, तिला भरवायची सवलत म्हणून नाही.

ताई


२७ एप्रिल

भुंग्या,

दहा दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणतो. काल प्लेटांवर उलट्या तारखा घातल्या, सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या.

रागव, भांड, वाटेल ते लिही. पण साहेबांना सांगितलंस की नाही तेवढं कळव.

ताई


३ मे

ताई,

नाही सांगितलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कुंपणापाशी नुसता उभा राहिलो. साहेबांना सांगायचं म्हणजे काय ते तुला माहीत नाही. संसर्ग असलेल्या माणसाला कुठल्याच कुत्र्याला हात लावता येत नाही. आणि कुत्रं माणसाशिवाय ठेवता येत नाही. म्हणजे शाई दुसऱ्या कुणाला देणार. तिला दुसऱ्याच्या हातचं खायला शिकवणार. एकदा हात बदलला की पहिल्या माणसाने पुन्हा कधीही भरवायचं नाही, नाहीतर कुत्रं गोंधळतं आणि मग कुणाच्याही हातचं खातं, आणि तसं कुत्रं आमच्या कामाचं राहत नाही. हे मला पाठ आहे. मीच नव्या लोकांना शिकवतो.

म्हणून म्हटलं, गुपचूप निभावून नेऊ. तुझ्या साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, नखं मुळापासून कापली, आणि तिच्यापुढे हात धरला. तिने हुंगला आणि तोंड फिरवलं. साबणाला वास नाही म्हणतेस, पण तिला आला. तिला तो हात माझा वाटलाच नाही. रबरी मोजा घातला, तेच. ताटलीत ठेवून 'घे' म्हटलं, तर ताटलीकडे न बघता माझ्याकडे बघत बसली. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी कामावर चालताना तिचे मागचे पाय लटपटले. माझा धीर सुटला. मी नळाखाली हात धरला, नुसत्या पाण्याने धुतला, आणि तिला भरवलं. म्हटलं, दोनच घास. मग पुढचे चार दिवस तसंच. तुझं पत्र खिशात होतं, ताई. मी माहीत असून भरवलं.

अठ्ठावीसला सकाळी ती पडली. या वेळी रक्तच जास्त. आज सहावा दिवस, सलाईन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, आज-उद्या कळेल. साहेबांनी कागद तयार ठेवलाय. ती बरी झाली तर सही करायची, म्हणजे बरी झाली तरी सुई. आजारात कुत्र्याला सुई देत नाहीत, आधी बरं करतात, असा आमच्याकडे नियम आहे.

मी काय केलं हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मला एका जागी बसवत नाही, उभंही राहवत नाही. हे पत्र तीन ठिकाणी बसून लिहिलंय.

भुंग्या


५ मे

भुंग्या,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं आणि हे मी आमच्या ऑफिसच्या पाकिटात घालून हातोहात पाठवतेय, सोबत दोन अहवाल आहेत. एक शाईचा, एक तुझा. शिक्का प्रयोगशाळेचा, सही माझी. प्रमुखांना सगळं सांगितलं. सरावाचे नमुने सरावाचे नव्हते हेही. ते बराच वेळ बोलले. चौकशी होईल, होऊ दे. सहीशिवाय तुझे साहेब नुसतं बोलणं मानणार नाहीत.

तुला मी शिव्या घालणार होते, कागदावर घातल्याही, तो कागद फाडला. उपाशी जीव समोर बघवत नाही माणसाला. मीही दिला असता घास. पण आता ऐक. तिला वाचवणारा या जगात एकच माणूस आहे आणि तो तिचा हात सोडायला घाबरतोय. हे पत्र वाचून झालं की उठ. बूट घाल. साहेबांच्या खोलीपर्यंत चाल. अहवाल टेबलावर ठेव आणि म्हण, कुत्रीला नाही, मला झालंय.

भरवलंस तेही सांग. अर्धं सांगशील तर अर्धंच मानतील.

ताई


२२ मे

ताई,

सांगितलं. सगळं.

साहेबांनी दोन्ही अहवाल दोनदा वाचले. मग तो तयार ठेवलेला कागद चार तुकडे करून केराच्या टोपलीत टाकला आणि मला म्हणाले, हे आधी सांगितलं असतंस तर तिसरी खेप टळली असती. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, उद्यापासून तू स्टोअरमध्ये, पट्टे आणि साखळ्या सांभाळायच्या. तीन अहवाल स्वच्छ येईपर्यंत कुठल्याही कुत्र्याच्या दहा हातांच्या आत यायचं नाही. मी म्हटलं, हो. तेवढंच बोलणं.

शाई जगली. हे आधी लिहायला हवं होतं, मी फार उलटंसुलटं लिहितोय. अर्धी झालीय, पाठीची हाडं मोजता येतात, पण जगली.

तिला आता एक बाई सांभाळणार आहे. इथे सगळे तिला 'नवी' म्हणतात. आधी घोड्यांच्या तबेल्यात होती. कमी बोलते, हात मोठे आहेत. हात बदलायची पद्धत अशी की, नव्या माणसाने घास धरायचा आणि जुन्याने मागे उभं राहून 'घे' म्हणायचं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी नव्याने स्वतः म्हणायचं, आणि जुन्याने दिसायचं नाही. साहेबांनी मला जाळीच्या पलीकडून, दहा हातांवरून म्हणायची परवानगी दिली.

पहिल्या दिवशी नवीने हात पुढे केला. शाईने तो हुंगला, तोंड फिरवलं, आणि जाळीतून माझ्याकडे बघत राहिली. मी 'घे' म्हणायचं सोडून जाळीची भोकं मोजत राहिलो. नवी मागे न वळता म्हणाली, भाऊ, तुम्ही थांबलात तर ती उपाशी राहील. मग मी 'घे' म्हणालो. शाई जागची हलली नाही. पुन्हा म्हणालो, रोजच्या आवाजात, जरा दरडावून. तेव्हा तिने खाल्लं. घास गिळता गिळता माझ्याकडेच बघत होती, मी सांगितलं म्हणून खातेय अशी. दुसऱ्या दिवशी लवकर खाल्लं, तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. माझं काम चोख असतं, ताई. शिकवलेलं ती विसरत नाही.

चौथ्या दिवशी मी स्टोअरचं दार आतून लावून घेतलं आणि दिवसभर पितळी कड्या घासत बसलो. संध्याकाळी नवी आली, दार वाजवून बाहेरूनच म्हणाली, सगळं खाल्लं तिने. मी 'बरं' म्हणालो. नंतर खूप रडलो, लाज काय वाटायची तुझ्याशी.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पूर्ण घेतोय.

भुंग्या


१६ सप्टेंबर

भुंग्या,

तुझा तिसरा नमुनाही स्वच्छ. जून वाया गेला, जुलैपासून तिन्ही ओळीने कोरे. कोरी प्लेट बघून एवढा आनंद मला एकतीस वर्षांत झाला नव्हता. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बाई, यात काहीच नाहीये. मी म्हटलं, तेच तर.

चौकशीत मला समज मिळाली, वहीत एक लाल ओळ पडली. निवृत्तीला आठ महिने, कोण बघतंय. 

पक्का अहवाल सोबत आहे, साहेबांना दे. आता तुला कुत्र्यांत परत जाता येईल. शाईला भेट, आणि कशी आहे ते लिही. तू चार महिने तिचं नावही लिहिलेलं नाहीस, मी विचारलं नाही एवढंच.

ताई


२३ सप्टेंबर

ताई,

अहवाल दिला. साहेबांनी हात मिळवला. माझ्याकडे आता एक नवं पिल्लू येणार आहे, तपकिरी, कान एवढे मोठे की चालताना पायात येतात. साबणाचं मी उस्तादांनाच जाऊन विचारलं. ते म्हणाले, पिल्लू असल्यापासून साबण लावलेल्या हाताने भरवलंस तर त्याला तोच तुझा वास वाटेल. वीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

काल शाईला भेटलो. मालधक्क्यावर, दुपारच्या सुट्टीत. नवी बाकावर डबा खात होती. शाईने मला लांबून ओळखलं आणि शेपटी अशी हलवली की मागचं सगळं अंग हललं. धावत आली, माझ्या पोटावर पाय ठेवले, तोंड चाटायला बघितलं. अंग भरलंय तिचं, पाठ गुळगुळीत झालीय. मी तिच्या कानांमागे खाजवत बसलो. चार महिने जिवाची जी तगमग चालू होती ती पहिल्यांदा थांबली.

माझ्या खिशात एक बिस्कीट होतं. मला भरवायचं नव्हतं, ताई, नियम मला माहीत आहे. पण घेते का बघावं असं वाटलं, का ते विचारू नकोस. नवीने बघितलं, पण मला अडवलं नाही. मी बिस्कीट तळहातावर ठेवलं आणि तिच्यापुढे धरलं. म्हणालो, घे.

तिने हात हुंगला. सावकाश, बोटं, नखं, मनगट. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. फिरवून नवीकडे बघत राहिली.

दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. मी तिच्या डोक्यावर थापटलं आणि शाबास म्हणालो. ती लगेच खूश झाली, शाबास तिला अजून कळतं. बिस्कीट मी खाल्लं.

पिल्लू सोमवारी येतंय. तुझ्या साबणाच्या आणखी दोन वड्या पाठव, इथे मिळत नाही.

भुंग्या

ता. क. हे पत्र हात धुऊन लिहिलंय, साबणाने.